शर्ली आजीला नोंदवहीत ‘शर्ली’ म्हणून शोधू नका

ताई, तुमच्या आजी घरीदारी शर्ली, पण वसईच्या चर्चच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवहीत शर्ली नावाची मुलगीच नाही, आणि तिथून ‘नोंद आढळली नाही’ असं पत्र घ्यायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपा करून ते पत्र आत्ता घेऊ नका. मी घेतलं होतं. त्यापायी चौदा महिने गेले.

माझी आईही शर्ली, जन्म १९३८चा. तिच्या मामांनी मुंबईत शर्ली टेंपल या अमेरिकन बालनटीचा चित्रपट पाहिला आणि घरी येऊन नाव सांगितलं. पण शर्ली नावाची कुणी संत नाही. मूळ इंग्लंडमधलं हे गावाचं नाव, जुन्या इंग्रजीत ‘उजळ मोकळं रान’ अशा अर्थाचं. त्यावरून आडनाव झालं, पुढे पुरुषांचं नाव. शार्लट ब्राँटेच्या १८४९च्या ‘शर्ली’ कादंबरीत आईवडिलांना मुलगा हवा असतो, म्हणून ते मुलीला हे पुरुषी नाव देतात. तिथून ते बायकांचं होत गेलं. शर्ली टेंपल १९२८ साली जन्मली तेव्हा अमेरिकेत ते आधीच चलतीत होतं. तिच्या चित्रपटांनंतर १९३५मध्ये तिथे चाळीस हजारांहून जास्त मुलींना ते मिळालं, फक्त मेरी पुढे होती. मग ओसरलं.

तेव्हाचा चर्चचा कायदा १९१७चा. मुलाला ख्रिस्ती नाव ठेवलं जाईल हे फादरांनी पाहावं, आईबाप ऐकेनात तर एखाद्या संताचं नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असं त्यात होतं. प्रत्यक्षात आमच्याकडे संताचं नाव तेवढं लिहिलं गेलं, घरचं नाव लिहायचं राहूनच गेलं.

मी मात्र ‘श’खालीच शोधत बसलो. शर्ली, शेर्ली, शिर्ली, सगळं पाहिलं. आजोळच्या जमिनीवर वारस नोंद करायची होती. कार्यालयातल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, नोंद नसल्याचं पत्र आणा, प्रतिज्ञापत्र जोडा, होऊन जाईल. मी दोन्ही दिलं. काही आठवड्यांनी धाकट्या मावशीच्या नोंदीसाठी तीच वही उघडली, तर आजोबांच्या नावापुढे लॅटिनमध्ये ‘मारिया फिलोमेना’. शाई तपकिरी झालेली. समासात बारीक अक्षरात लग्नाची तारीख आणि माझ्या वडिलांचं नाव. हीच आई!

आता खरी नोंद हातात, आणि तीच खोटी ठरवणारं माझं स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र फायलीत. त्याच कार्यालयाने मग मलाच विचारलं, दोन्हींतलं खरं कुठलं? पत्र आणायला त्यांनीच सांगितलं होतं, पण ते तोंडी. तेव्हापासून मी कुठल्याही टेबलावरचं तोंडी सांगणं लिहून मागतो. नाही दिलं तर निदान तारीख टाकून वहीत उतरवतो. तुम्हीही तेच करा.

मी वकील नाही, आणि तुमच्या चर्चची वही वेगळ्या पद्धतीची असू शकते. पण माझं स्पष्ट मत, बाळाचं नाव बाजूला ठेवा आणि बापाच्या नावावरून शोधा. आधी १९३०पासून १९४०पर्यंतचं प्रत्येक पान, मग त्यापुढचं. नाव त्या काळात गाजलं म्हणून जन्म १९३५चाच, असं धरू नका. आमच्या आळीत एक शर्ली १९५२ची आहे. सापडल्यावर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, पण आधी वकिलाला दाखवून.

घरातल्या नव्या मुलीचं नाव शर्ली ठेवण्याबद्दल सासरचे ‘जुनाट’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी असतो तर ठेवलं असतं. फक्त चर्चमध्ये, जन्मदाखल्यावर आणि शाळेत एकाच स्पेलिंगने लिहा.

आजींच्या लग्नाची तारीख आणि चर्च ठाऊक असेल तर आधी लग्नाची वही पाहा. त्यात वडिलांचं नाव बहुधा असतंच. मग स्नानसंस्काराच्या वहीतल्या समासातली तारीख तिच्याशी जुळवा.