वाचकांचे प्रश्न : सायनोटाईपला कुठली निगेटिव्ह घेऊ?

प्रश्न: आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्याच्या ६×९ सेंटीमीटरच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह्ज सापडल्यात, गच्चीवर उन्हात सायनोटाईप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे फोटो) करून बघितले तर सगळं नुसतं गडद निळं, आजीचा चेहरा दिसतच नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, दादर

उत्तर: अहो, निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी असणार. सायनोटाईपला चांगली दाट, कॉन्ट्रास्टवाली निगेटिव्ह लागते, ब्रोमाइड पेपरवर (डार्करूममधल्या नेहमीच्या फोटो-कागदावर) मस्त येणारी इथे कमी पडते. छापील कागदावर निगेटिव्ह ठेवून बघा, आकाशाच्या काळ्या भागातून अक्षरं जेमतेम वाचता आली आणि फोटोतल्या सावलीच्या भागातही थोडं डिटेल असलं तर ती घ्या.

पण एक कळकळीने सांगते, ओरिजिनल निगेटिव्ह सायनोटाईपच्या कागदावर ठेवूच नका, आपल्या मुंबईच्या दमट हवेत कागदावरचं रसायनाचं कोटिंग नीट सुकत नाही, चिकटून डाग पडला तर आजी परत मिळणार नाही! स्कॅन करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि ट्रान्सपरन्सी शीटवर निगेटिव्ह छापून घ्या, साइझही हवा तेवढा मिळतो, कारण कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला) निगेटिव्हएवढाच येतो, ३५ एमएमचा तर जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा.

नवीन शूट करणार असाल तर एफपी४ प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्या, डेव्हलपिंग २५-३० टक्के जास्त वेळ करा. टी-मॅक्स १०० फिल्म मात्र नको, सायनोटाईप उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांनीच उमटतो आणि तिचा बेस यूव्ही अडवतो.