पोटदुखीला नाटक म्हणू नका

मुलीचं पोट शाळेच्या दिवशीच दुखतं, सुट्टीत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही. ताणाने पोट खरंच दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका. मग शाळेतला दिवस तासातासाने तिच्याकडून ऐका. बऱ्याचदा अडचण अभ्यासाची नसतेच. मधल्या सुट्टीतला कल्ला, दुसऱ्याला बसलेला ओरडा, येतंय तेच पुन्हापुन्हा लिहिणं, हे हुशार, संवेदनशील मुलीला सोसत नाही. मानसशास्त्रज्ञ इलेन अ‍ॅरन अशा संवेदनशीलतेला आजार नव्हे, उपजत स्वभावविशेष मानतात. ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ हे आधी बंद करा. (हुशार आहे, निभावून नेईल, हेही तितकंच वाईट.) घरी आल्यावर अर्धा तास काही विचारू नका. एखादा क्लास सुटला तर सुटू दे.