वाचकांचे प्रश्न : खाडाखोडीचा कागद आणि सुलेखनाची थोरवी

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवतो. आमच्याकडे सुलेखन स्पर्धेत एक अक्षर खोडले तरी गुण जातात. मात्र चीनमधील एक अतिशय नावाजलेले सुलेखन म्हणजे प्रत्यक्षात शोकलेखाचा कच्चा मसुदा असून त्यात ठिकठिकाणी खाडाखोड आहे, असे वाचनात आले. अशा कागदाला श्रेष्ठ कलाकृती म्हणण्यामागे कोणते कलागुण आहेत, हे कृपया सांगावे. — एक शिक्षक, खानापूर

उत्तर : आपण ज्या कागदाविषयी विचारले आहे, तो थांग राजवटीतील अधिकारी आणि सुलेखनकार येन चनछिंग (७०९–७८५) याने ७५८ साली आपल्या पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा मसुदा होय. तो आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीने बंड केले, तेव्हा येन चनछिंग फिंगयुआन येथे आणि त्याचा चुलत भाऊ येन गावछिंग छांगशान येथे प्रशासक होता. या दोघांमधील निरोप नेण्या-आणण्याचे काम गावछिंगचा मुलगा जीमिंग करीत असे. पुढे छांगशान पडले आणि बापलेक दोघेही मारले गेले. शोध घेतल्यावर जीमिंगचे केवळ शिर हाती लागले, आणि ते घरी आणल्यानंतर काकाने हा शोकलेख लिहायला घेतला.

हा प्रसंग ठाऊक नसला तरी कागद नीट पाहणाऱ्याला त्यातील बरेच काही उमगते, आणि माझ्या मते त्याची थोरवी नेमकी येथेच आहे. लेखात २३ उभ्या ओळी असून त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. आरंभी वर्ष, महिना, दिवस आणि लिहिणाऱ्याची पदे येतात. तेथे अक्षरे संथ आहेत, त्यांच्यातील अंतर राखलेले आहे. पुतण्याच्या गुणांचे वर्णन सुरू झाले की हात वेग घेऊ लागतो. वेढ्यात सापडलेल्या नगराच्या मदतीस न आलेल्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो तेथे खाडाखोड दिसते, आणि त्यानंतर ‘पिता कैदेत पडला, पुत्र मेला, घरटे उलथले, अंडी फुटली’ या आशयाचे शब्द ठसठशीत, जाड रेषांत उमटतात. शेवटाकडे ओळी आपली सरळ वाट सोडून कलू लागतात आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात.

शाईचे वर्तनही पाहण्याजोगे आहे. लिहिणारा कुंचला पुन्हा बुडवण्यासाठी वारंवार थांबत नाही, त्यामुळे गडद काळ्या अक्षरांपासून सुरू झालेली रेषा हळूहळू कोरडी पडते, तिच्यातून कागदाचा पांढरा रंग डोकावू लागतो, आणि मग एकाएकी नवी ओली काळी अक्षरे येतात. आपल्या भागातील अनेक घरांत जुने मोडी कागद असतात; त्यांतील बोरूची शाई कोठे संपत आली आणि कोठे पुन्हा भरली, हे जसे आजही ओळखता येते, तसेच येथे लिहिणाऱ्याचा प्रत्येक थांबा आणि प्रत्येक धाव बाराशेहून अधिक वर्षांनंतरही डोळ्यांना दिसते. चित्रात रंगावर रंग चढवता येतो. या कलेत एकदा ओढलेली रेषा पुन्हा गिरवायची नसते, म्हणून लिहिण्याचा क्रम आणि गती यांना तेथे इतके मोल आहे.

तरीही निव्वळ शोकामुळे हा कागद मोठा झाला, असे म्हणणे मला पटत नाही. दुःख अनेकांना होते. त्या अवस्थेतही रेषेचा कस टिकवणारा हात दुर्मीळ असतो. येन चनछिंग कुंचल्याचे टोक रेषेच्या मधोमध ठेवून लिहितो, त्यामुळे घाईतल्या रेषाही सपाट न वाटता गोलाईदार आणि भरीव वाटतात. प्राचीन मुद्रालिपीच्या (शिक्क्यांवर कोरल्या जाणाऱ्या जुन्या चिनी लिपीच्या) अभ्यासातून आलेला हा गुण आहे. चौथ्या शतकातील सुलेखनकार वांग शीचि याच्या ललित, नाजूक वळणांचा आदर्श तोवर सर्वमान्य झाला होता. लानथिंग येथे जमलेल्या कवींच्या कवितांना त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, केवळ नकला आहेत. धावत्या, म्हणजे अक्षरे काहीशी जोडून वेगाने लिहिण्याच्या, शैलीतील लेखनांत परंपरेने तिला पहिले आणि या मसुद्याला दुसरे स्थान दिले आहे. विशेष म्हणजे ती प्रस्तावनाही मसुदाच मानली जाते आणि तिच्यातही दुरुस्त्या आहेत. येन चनछिंगने मात्र त्या लालित्याच्या जागी रुंद बांधणीची, वजनदार अक्षरे आणली.

खोडलेल्या जागाही रचनेत सामावल्या आहेत. त्या काळ्या पट्ट्यांमुळे ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेचा तोल बदलतो आणि नजर क्षणभर अडखळते. हे त्याने योजून केलेले नाही. हा कागद कोणाला दाखवायचा नव्हता, आणि म्हणूनच त्यात दिखाऊपणाचा लवलेश नाही.

प्रश्न : मग मुलांना असे मोकळे लिहू द्यावे काय? — तेच शिक्षक

उत्तर : येन चनछिंगने या मसुद्याच्या सहा वर्षे आधी, ७५२ मध्ये, ‘बहुरत्न स्तूप’ शिलालेखाची अक्षरे लिहिली होती. ती अत्यंत काटेकोर आहेत, आणि चीनमध्ये आजही विद्यार्थी नियमित, म्हणजे सुट्या आणि स्पष्ट अक्षरांच्या, शैलीचा सराव करताना ती समोर ठेवतात. तेव्हा शाळेतील वळणाचा सराव सोडू नये. मात्र पाठ गिरवण्याच्या वहीसोबत मुलांनी आपल्या मनाने लिहिलेली पत्रे आणि टिपणेही पाहावीत, आणि त्यांत खोडलेल्या शब्दासाठी गुण कापू नयेत.