राष्ट्रप्रमुखाची रजा, सुट्टी की सवड?

प्रश्न असा: ‘राष्ट्राध्यक्ष आठवडाभराच्या रजेवर’ असा मथळा वाचला. राष्ट्रप्रमुख रजेवर जातो का? इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाच्या मोकळ्या वेळाबद्दल लिहिताना रजा, सुट्टी, सवड, फुरसत, उसंत यांतला कोणता शब्द वापरावा?

रजा नको. सुट्टी चालेल, पण जपून. बहुतेक वेळा नेमका शब्द ‘सवड’ हाच ठरतो.

‘रजा’ मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आलेला. मूळ अर्थ संमती, मर्जी. ‘राजी’ आणि त्यावरून झालेला ‘राजीनामा’ हे याच घराण्यातले शब्द. नोकरीतल्या रजेत तो जुना अर्थ अजून शाबूत आहे: अर्ज करायचा, वरिष्ठाने मंजूर करायचा, शिल्लक रजेतून दिवस वजा व्हायचे. मागणारा आणि देणारा असे दोघे असल्याशिवाय रजा होत नाही. भारताच्या राष्ट्रपतींना ती देणारा कोणीच नाही. त्यांनी राजीनामा उपराष्ट्रपतींना उद्देशून द्यावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 56 सांगतो. रजेचा अर्ज कोणाकडे करावा हे मात्र घटनेत कुठेच नाही. अनुच्छेद 65 मध्ये एवढेच आहे की गैरहजेरी, आजार किंवा अन्य कारणाने राष्ट्रपती काम पाहू शकत नसतील, तर ते परत रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती काम पाहतील. 1960 मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर असताना डॉ. राधाकृष्णन यांनी ते पाहिले होते. अशा वेळी ‘राष्ट्रपती रजेवर’ असे न लिहिता ‘राष्ट्रपतींच्या अनुपस्थितीत उपराष्ट्रपतींनी कार्यभार पाहिला’ असे लिहावे.

अमेरिकेतही तेच. तिथल्या 25व्या घटनादुरुस्तीनुसार अध्यक्ष काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांना पत्र लिहून उपाध्यक्षाकडे अधिकार सोपवू शकतो. 19 नोव्हेंबर 2021 रोजी बायडेन यांना तपासणीसाठी भूल द्यायची होती, तेव्हा कमला हॅरिस यांच्याकडे 85 मिनिटे अधिकार होते. पत्रात अध्यक्ष कळवतो, मागत नाही. म्हणून तीही रजा नव्हे.

अस्सल अर्थाने ‘रजा’ शोभेल असा एक राष्ट्रप्रमुख मात्र आहे, आयर्लंडचा. तिथल्या घटनेच्या 12व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारच्या संमतीशिवाय अध्यक्षाला देशाबाहेर जाता येत नाही. गेला की सरन्यायाधीश आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष अशा तिघांचा आयोग त्याचे काम पाहतो. संमती मागायची, ती मिळाली की जायचे, मागे बदली माणसे ठेवायची: रजेच्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात.

‘सुट्टी’ (किंवा ‘सुटी’, दोन्ही रूपे रुळलेली आहेत) सुटण्याशी जोडलेली. रजा एकट्याची असते, सुट्टी सगळ्यांची असू शकते. रविवारची रजा कोणी म्हणत नाही. अमेरिकेच्या घटनेत अध्यक्षाचा रविवार चक्क धरलेला आहे. काँग्रेसने पाठवलेल्या विधेयकावर निर्णय घ्यायला त्याला 10 दिवस मिळतात आणि त्यात रविवार मोजत नाहीत. पण सुट्टीत माणूस कामातून सुटला पाहिजे, आणि राष्ट्रप्रमुख तसा सुटत नाही. ब्रिटनची राणी एलिझाबेथ उन्हाळा स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला घालवत असे, पण सरकारी कागदांच्या लाल पेट्या तिथेही जात. 6 सप्टेंबर 2022 रोजी लिझ ट्रस यांची पंतप्रधानपदी नेमणूक तिने बाल्मोरललाच केली आणि दोन दिवसांनी तिचे निधन झाले. ‘राणी सुट्टीवर’ हे शब्द त्या दिवसांना लावता येतील का? ‘बाल्मोरल मुक्कामी’ म्हणणे अधिक खरे. आपल्या राष्ट्रपतींच्या सिमल्याजवळच्या मशोबरा इथल्या किंवा हैदराबादच्या राष्ट्रपती निलयममधल्या राहण्यालाही ‘मुक्काम’ किंवा ‘वास्तव्य’च म्हणावे. हैदराबादच्या मुक्कामात स्वागतसमारंभ आणि भेटीगाठी ठरलेल्या असतात.

‘सवड’ शब्दाचे बळ त्याच्या क्रियापदात आहे. सवड काढावी लागते, कामांच्या गर्दीतून मुद्दाम. रजा कोणी काढतो तेव्हा ती त्याच्या हक्काच्या शिलकीतून येते; सवडीला अशी शिल्लक नसते. म्हणून ‘राष्ट्रपतींनी वाचनासाठी सवड काढली’ हे वाक्य वस्तुस्थितीला धरून आहे.

याच शब्दाचे ‘सवडीने’ हे रूप राष्ट्रपतींच्या संदर्भात फार वजनदार ठरते. अमेरिकेच्या अध्यक्षाला 10 दिवसांची मर्यादा आहे. आपल्या अनुच्छेद 111 मध्ये विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचे तर ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच म्हटले आहे, दिवस सांगितलेले नाहीत. टपालातली पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारला देणारे 1986 चे पोस्ट ऑफिस दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी मंजूरही केले नाही आणि परतही पाठवले नाही. तिथे ‘राष्ट्रपतींना सवड झाली नाही’ असे लिहिणे म्हणजे घटनात्मक निर्णयाला वेळेच्या टंचाईचे रूप देणे. ‘सही न करता विधेयक राखून ठेवले’ असेच लिहायला हवे.

‘उसंत’ म्हणजे चालू असलेल्या कामातला खंड. पाऊस उसंत देतो, खोकला उसंत देत नाही. म्हणून हा शब्द नकारात अधिक खुलतो, आणि राष्ट्रपतींबद्दल तसा वापरण्याजोगे प्रसंग आहेत. मे 2005 मध्ये डॉ. अब्दुल कलाम मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस रात्री उशिरा तिथे पोहोचली आणि त्यांनी तिथूनच मंजुरी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्राला आठवत असेल ती 23 नोव्हेंबर 2019 ची पहाट: राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना 5 वाजून 47 मिनिटांनी निघाली. सही त्याआधी झालेली असणारच. अशा पदाला ‘रात्रीचीही उसंत नाही’ हे शब्दशः लागू पडते.

‘फुरसत’ (‘फुरसद’ही चालते) अरबी-फारसीत संधी या अर्थाचा होता, मराठीत त्याला ऐसपैसपणा आला. पदावर असलेल्यापेक्षा पद सोडलेल्याला तो शोभतो. ‘फावला वेळ’ त्याहून काटेकोर: फावणे म्हणजे साधणे, हाती लागणे, तेव्हा फावला वेळ म्हणजे न मागता हाती लागलेला. भेट रद्द झाली, विमानाला उशीर झाला, की तो मिळतो. ‘रिकामा वेळ’ मात्र टाळावा, त्याला ‘रिकामटेकडा’चा वास येतो.

फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रम्प यांची तीन महिन्यांची खासगी दिनदर्शिका फुटली, तेव्हा सुमारे 60 टक्के वेळ ‘एक्झिक्युटिव्ह टाइम’ या नावाखाली निघाला. हा वेळ फोन, वर्तमानपत्रे आणि टीव्ही यांत जातो, असे बातमीत होते. मराठीत त्याला ‘कार्यकारी वेळ’ म्हटले तर काहीच कळत नाही आणि ‘फुरसत’ म्हटले तर आधीच निकाल दिल्यासारखे होते. ‘भेटीगाठी न ठरवलेला वेळ’ हे लांब आहे, पण खरे आहे.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख यांची सरमिसळ. भारतात राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान शासनप्रमुख. अमेरिकेत दोन्ही एकच व्यक्ती. त्यामुळे आपल्या राष्ट्रपतींच्या वेळापत्रकाची अमेरिकी अध्यक्षाच्या वेळापत्रकाशी थेट तुलना करू नये. शिवाय हिंदीच्या प्रभावाने तिथल्या अध्यक्षालाही ‘राष्ट्रपती’ लिहिले जाते. मराठीत ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहावे.

दुसरी, ‘वेळ’चे लिंग. कालावधी असेल तर तो वेळ, ठरलेला क्षण असेल तर ती वेळ. ‘शिष्टमंडळाने राष्ट्रपतींची वेळ घेतली’ म्हणजे भेट ठरवली. ‘राष्ट्रपतींचा वेळ घेतला’ म्हणजे त्यांना गुंतवून ठेवले. ‘वेळ मागितली’ आणि ‘वेळ मागितला’ यांतही तोच फरक: पहिल्यात भेट हवी आहे, दुसऱ्यात मुदत.