पिनियल म्हणजे तिसरा डोळा का? सीटीवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: मेंदूच्या मध्यभागातल्या एपिथॅलॅमसमध्ये कोणते भाग येतात, त्यांचं काम काय, आणि पिनियल ग्रंथी म्हणजेच तिसरा डोळा हे खरं का?

शेवटचा तुकडा वाचला आणि राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, सतरा वर्षं सीटी मशीनवर आहे.

तीन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरून पडली. डोक्याचा सीटी मीच काढला. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही, जीव भांड्यात पडला. रिपोर्टच्या तळाशी नेहमीची ओळ होती: पिनियलमध्ये फिजिऑलॉजिकल कॅल्सिफिकेशन, म्हणजे आजाराशिवाय आपोआप साचलेलं कॅल्शियम. दादाने नेमकी तेवढीच वाचली. रात्री फोन, "आईच्या मेंदूत चुना साचलाय आणि तू लपवतोयस." दुसऱ्या दिवशी घरातली टूथपेस्ट कचऱ्यात, का तर म्हणे त्यातल्या फ्लोराइडनेच हा चुना साचतो आणि तिसरा डोळा बंद होतो. आठवड्याभरात चार हजारांची थेंबांची बाटली आली, तिसरा डोळा उघडणारी. बहात्तर वर्षांच्या बाईला तिसरा कशाला, आधीच्या दोहोंतला मोतीबिंदू काढायचा राहिलाय!

दादाला स्क्रीनसमोर बसवलं. बरोबर मध्यरेषेवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, बाजूंना कोरॉइड प्लेक्ससचे (मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळीचे) तसेच दोन. मोठ्या माणसांत हे इतकं सर्रास दिसतं की सीटी नव्हता तेव्हा डॉक्टर साध्या एक्स-रेवर हाच दाणा शोधायचे. तो एका बाजूला सरकलेला दिसला, की विरुद्ध बाजूने गाठ किंवा साचलेलं रक्त ढकलतंय असा अंदाज बांधायचे. दादा म्हणाला, "तुम्हा लोकांना असंच शिकवतात."

तर एपिथॅलॅमस. थॅलॅमसच्या (मेंदूत खोल असलेल्या, संवेदना पुढे पाठवणाऱ्या भागाच्या) मागे-वर, तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या पाणी भरलेल्या पोकळीच्या, छताला लागून. त्यात पिनियल, दोन हॅबेन्युला (पेशींचे छोटे पुंजके) आणि त्यांच्याकडे येणारे स्ट्राया मेड्युलारिस हे तंतू. पोस्टिरिअर कमिशर, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणारा तंतूंचा पट्टा, काही पुस्तकं यातच धरतात. उजेडात दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात त्यात त्याचा वाटा असतो.

पिनियल अंधारात मेलाटोनिन सोडते, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन. ते 1958 मध्ये येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियलमधून वेगळं काढलं, आणि हा माणूस त्वचारोगतज्ज्ञ! माणसाच्या पिनियलला स्वतःला काही दिसत नाही. उजेडाची खबर डोळ्याच्या पडद्याकडून हायपोथॅलॅमसला, तिथून खाली मज्जारज्जूत, मग मानेतल्या सिंपथेटिक गँग्लियनमधून (चेतापेशींच्या गाठीतून) परत वर डोक्यात, असा वळसा घालून येते. म्हणून मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटला तर मेलाटोनिनचा रात्रीचा चढ नाहीसा होतो. डोळाच असता तर मानेशी काय देणंघेणं?

खरी गंमत हॅबेन्युलाची आहे, पण तिचं कुणी विचारत नाही. लॅटिनमध्ये अर्थ छोटा लगाम. मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी 2007 मध्ये माकडांवर दाखवलं की हवं ते बक्षीस मिळणार नाही असं कळलं की बाहेरच्या हॅबेन्युलातल्या पेशी पेटतात आणि बक्षिसाची चाहूल देणाऱ्या डोपामिनच्या पेशी गप्प होतात. फसलो, पुन्हा या वाटेला नको, हा धडा तिथून जातो. दादाने दुसरी बाटली मागवली तेव्हा त्याची हॅबेन्युला बहुतेक रजेवर होती.

आता दोन गोष्टी कबूल करतो, नाहीतर तो खाली येऊन लिहीलच. काही सरड्यांना आणि न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याला डोक्यावर पिनियलच्याच कुळातला, उजेड ओळखणारा डोळा खरोखर असतो. आणि दाण्यात फ्लोराइड सापडतं हेही खरं, कारण तो हाडादातांच्याच द्रव्याचा असतो. थेंबांनी तो विरघळत नाही. दाणा सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा अगदी लहान मुलात दिसला, तर मात्र न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, मला किंवा माझ्या भावाला नको.

आणि दादा, मागे तुझं डोकं दुखत होतं तेव्हाचा तुझा सीटीही मीच काढला होता. तुझा दाणा आईपेक्षा मोठा आहे.