झोन आला नाही म्हणून वनस्पती गाळू नकोस

प्रिय,

जुलाबावरच्या वनस्पतींच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. कुडा, बेल, पेरूची पानं, नागरमोथा ही निवड मनापासून आवडली. अडचण पुढे आहे. सगळ्यांचे इथेनॉलमध्ये अर्क काढायचे, जुलाब करू शकणारा ई. कोलाय जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर अर्काच्या डिस्क, म्हणजे कागदी चकत्या, लावायच्या, जिचा झोन, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मोठा ती वनस्पती ठेवायची आणि बाकीच्या गाळायच्या, असं तू लिहिलं आहेस. तसं करू नकोस.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या गटाने कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचं काम २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. जुलाब करणाऱ्या जिवाणूंच्या ज्या सहा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, त्यांनी तपासल्या, त्यातली एकही काढ्याने मेली नाही. तुझ्या पद्धतीत बेल तिथेच बाद झाला असता. ते थांबले नाहीत. जिवाणू पेशींना चिकटतात का, आत शिरतात का, विष तयार करतात का, ते विष पेशीवर जाऊन बसतं का, हे त्यांनी एकेक करून पाहिलं. चिकटणं आणि आत शिरणं लक्षणीय घटलं. कॉलऱ्याच्या विषाची निर्मिती आणि ते पेशीवर बसणं, दोन्हींत फरक पडला. ई. कोलायच्या उष्णतेत टिकणाऱ्या विषावर मात्र काहीच परिणाम झाला नाही, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. असं वाक्य मला तुझ्या प्रबंधात वाचायचं आहे.

जुलाबाची यंत्रणा आठव. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या पेशीत शिरतही नाही. त्याच्या विषामुळे पेशी क्षार बाहेर टाकत राहते आणि पाणी त्यामागे जातं. ही साखळी कुठेही तुटली तरी रोग्याला आराम पडतो. जिवाणू मरायलाच हवा असं नाही.

काढा लोक करतात तसाच कर. कोणता भाग, ओला की वाळलेला, किती पाण्यात, किती आटवून, हे जाणत्या बायकांना आणि वैदूंना विचारून वहीत उतरव. इथेनॉलचा अर्क हवा तर सोबत कर, त्याच्या जागी नको. आणि परिणाम वनस्पतीचा की इथेनॉलचाच हे कळायला नुसत्या द्रावकाची डिस्क लावायला विसरू नकोस.

कुड्याबाबत विशेष जप. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली मिळते, म्हणून बाजारातली पुडी वापरू नकोस. फुलं-शेंगांसह नमुना स्वतः आण आणि पुण्याच्या आघारकर संस्थेच्या वनस्पतिसंग्रहातून ओळख पक्की करून घे. झाडाची साल चहूबाजूंनी सोलू नकोस, झाड मरतं.

उंदरांना एरंडेल पाजून जुलाब घडवतात आणि मग काढा तपासतात, त्या चाचणीवर फार भिस्त ठेवू नकोस. तिथे संसर्ग नसतोच. काढ्याने आतड्याची हालचाल मंदावली तरी निकाल छान दिसतो. पण रक्त-आव पडत असताना आतडं मंदावणं धोक्याचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. जुलाबात मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर असंख्य रोगी वाचवले. त्यामुळे तुझं काम कधी माणसांपर्यंत पोहोचलं, तर काढा मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या दोन्ही गटांतल्या प्रत्येक मुलाला ओआरएस, म्हणजे तेच साखर-मिठाचं पाणी, आणि झिंक मिळालंच पाहिजे. काढा त्यांच्या जोडीला तपासायचा. गावात माहिती घ्यायला जाशील तेव्हाही ओआरएसची पाकिटं जवळ ठेव.

चाचण्यांचं पान नव्याने लिहून पाठव. चिकटण्याच्या चाचणीला पेशी वाढवायची सोय लागेल. तुमच्या विभागात ती नसेल तर लगेच कळव, मी कुठेतरी विचारते.

तुझी,
मॅडम