सोलमध्ये पहिल्यांदा कालगुक्सू खाताना

नवीन आहात, तर गल्लीतल्या साध्या कालगुक्सूच्या दुकानापासूनच सुरुवात करा. हाताने कापलेल्या गव्हाच्या नूडल्स आणि वाफाळता रस्सा. घाबरण्यासारखं काही नाही.

- चमचे-चॉपस्टिक टेबलावर दिसले नाहीत तर कडेचा खण उघडा. पाणी बहुधा आपलं आपणच घ्यायचं.
- वेटरची वाट बघत ताटकळू नका. "योगियो!" (म्हणजे "इकडे!") अशी हाक मारा, तिथे कुणी रागवत नाही.
- भाज्या दिसल्या की शाकाहारी, ही नवख्यांची नेहमीची चूक! रस्सा बहुतेक सुक्या मासळीचा, शिंपल्यांचा नाहीतर कोंबडीचा. किमचीतही (आंबवलेल्या तिखट कोबीतही) मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मांस-मासळी चालत नसेल तर उन्हाळ्यात कोंगगुक्सू विचारा: सोयाबीनच्या थंड, दाट दुधातल्या नूडल्स. अळणी लागतात, मीठ आपल्या हाताने घाला.
- किमची फुकट, पुन्हा मिळते. टाकू मात्र नका.

बिल काउंटरवर, टिप नाही. नेंगम्यॉनचं, म्हणजे थंड नूडल्सच्या दुसऱ्या एका प्रकाराचं, पुढच्या वेळी सांगते.